उजवीकडचं पडीक रान

लग्नाला आलेला माणूस आधी कुणाला भेटतो, यावरून तो कोण ते मला ओळखता येतं. मुलीकडचा असेल तर तो आधी आचाऱ्याला भेटतो, मुलाकडचा असेल तर चहावाल्याला, आणि पुढारी असेल तर फोटोग्राफरला. हणमंततात्या मात्र टेम्पोतून उतरले की तडक कार्यालयाच्या मागे जातात आणि जनरेटरला भेटतात. चपला बाजूला काढतात, पत्र्याजवळ कान नेतात, डोळे मिटतात आणि तोंडातल्या तोंडात 'आऽऽ' लावून बघतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माणसाला ऊन लागलं असं समजून मी लिंबूपाणी पाठवलं होतं. ते पिऊन तात्यांनी रिकामा पेला स्वतः आणून माझ्या हातात दिला.

"वैनी, तुमचा जनरेटर पांढरी पाचमधी हाय. जरासा चढा हाय, पर इमानी हाय. बदलू नका."

मी म्हणजे सुनंदा. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की रस्त्याकडेच्या उसात एकदम एक गुलाबी कमान लागते, ते आमचं मंगल कार्यालय. ऊस मोडून यजमानांनी ते बांधलं. उरलेला ऊस ते बघतात आणि कार्यालय मी बघते, म्हणजे रुसलेले मामा, कमी पडलेली जिलेबी आणि हरवलेले बूट हे खातं माझ्याकडे. या धंद्यात माणसं बघून बघून माझी जीभ तिखट झाली आहे, असं घरात म्हणतात. असेल.

तात्या वालचंदनगरचे. कंपनीत टर्नर होते, आता रिटायर आहेत. पण नोकरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी लग्नात वाजवायचे. आधी पेटी आणि मग कीबोर्ड. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, एवढं मला त्यांच्यामुळे कळलं. मुहूर्ताला धोका नको म्हणून आम्ही वीज असली तरी जनरेटरच चालवतो. त्याची घरघर सगळ्या वाजवणाऱ्यांना नकोशी होते. तात्यांचं उलटं. ते सगळं लग्न जनरेटरच्या सुराला लावून घेतात, म्हणजे ती घरघर मागे तंबोरा धरल्यासारखी होते. "ज्याला हाकलता येत न्हाय त्याच्याशी सोयरीक करावी," असं त्यांचं म्हणणं.

या सोयरिकीतून भांडणं मात्र मला निस्तरावी लागत. दोन्ही मोठे कूलर आणि रसाचं यंत्र एकदम सुरू झालं की जनरेटर दमतो आणि त्याचा सूर उतरतो. तो उतरला की तात्या भर कार्यक्रमात माइकवरून ओरडणार, "कूलर बंद करा, सूर बसला!" एकदा त्या कूलरपुढे नवरदेवाचे मामा बसले होते. देह मोठा, राग त्याहून मोठा. ते उठून स्टेजपाशी आले. तात्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मामा, येक तर तुमी गार ऱ्हावा, न्हायतर नवरी सुरात येऊ द्या. दोन्ही हुनार न्हाय." मामा तणतणत गाडीत एसी लावून बसले आणि मुहूर्ताला त्यांना शोधायला माणसं धावली.

त्यांच्या कानाच्या गोष्टी सांगाव्या तेवढ्या थोड्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर न बघता सांगायचे, "सोमेश्वरचा दिसतोय, मोकळा चाललाय." माझ्या यजमानांनी बाहेर जाऊन खात्री केली. ट्रॉल्या मोकळ्या होत्या; तो सोमेश्वर कारखान्याचाच होता का, ते विचारायला मात्र यजमानांचा धीर झाला नाही. आमचे दोन आचारी झारा कढईवर आपटत. कोण आपटतोय हे तात्या स्टेजवर बसून ओळखत.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे थर. कीबोर्डवर एक पट्टी दाबली की एक आवाज येतो असं आपल्याला वाटतं. तात्यांच्या एका पट्टीतून एकदम चार-पाच आवाज येतात. खाली भरदार व्हायोलिनं, त्यावर बासरी, त्यावर घुंगरू कळेल न कळेल एवढं, आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी त्यांची जुनी पेटी. कुठला आवाज किती जाड ठेवायचा, कुठला आधी उठवायचा, कुठला उशिरा विरू द्यायचा, हे ते घरी बसून दिवसच्या दिवस लावत बसतात. "खाली मुरूम, वर काळी माती. थर बसला पायजे वैनी, थर. वरची माती नुसती आणून टाकली तर पयल्या पान्यात वाहून जाती." आमची पोरंटोरं त्यांना माघारी थरतात्या म्हणतात. तात्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

या आवाजांची त्यांनी नावं ठेवली आहेत. ती कीबोर्डच्या छोट्या काचेवर उमटतात. हळदीला दोन आवाज, 'हळद जाड' आणि 'हळद पातळ'. नवरदेव कशावर बसून येतो त्यावरून 'घोडा', 'बुलेट' आणि 'ट्रॅक्टर'. आणि सगळ्यात मोलाचा आवाज 'पुढारी बस'. आमच्याकडे नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असतात आणि पुढारी शुभाशीर्वाद देत असतात. देता देता ते कालव्याचं पाणी, उसाचा दर आणि विरोधकांची चाल इथपर्यंत पोचतात. अशा वेळी तात्या हळूच खालचा एक थर उचलतात. पुढाऱ्यांना वाटतं आपल्या भाषणाला साथ मिळाली, ते भरात येतात. तात्या दुसरा थर उचलतात. पुढारी आवाज चढवतात. तिसऱ्या थराला पुढाऱ्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येईनासं होतं, लोक टाळ्या वाजवतात आणि ते तृप्त होऊन खाली बसतात. आजवर एकाही पुढाऱ्याला हे कळलेलं नाही. मला कळलं तेव्हा मी तात्यांना त्या दिवशी जास्तीची जिलेबी वाढली.

लग्नाच्या आधी ते नवरीच्या घरी एक चक्कर टाकतात. चहा घेतात, घर न्याहाळतात आणि जाता जाता वडिलांना विचारतात, "आई रडकी हाय का?" काही वडील बिचकतात. पण तात्यांचा हिशेब सरळ. आई रडणारी असेल तर पाठवणीचा आवाज पातळ ठेवायचा, तिच्या रडण्याला जागा राहिली पाहिजे. आई घट्ट असेल तर आवाज जाड करायचा. "मग मशीनला रडाय लागतं," तात्या म्हणायचे. "कुणीतरी रडाय पायजेच की."

एवढा सगळा सरंजाम असलेल्या माणसाकडे एक आवाज मात्र नव्हता. सनई नव्हती.

लग्नात वाजवणारा आणि सनई नाही, म्हणजे हलवाई आणि साखर नाही. लोक मागायचे. तात्या रोज नवीन थाप मारायचे. सनईला ताप आलाय. सनई माहेरी गेलीय. मशीन जुनं हाय, सनई झेपत न्हाय. मशीन तर चांगलं नवं, लांबरुंद होतं. कार्यालयाच्या कमानीवर आम्ही सकाळी सनईची सीडी लावतो, तर ती संपेपर्यंत तात्या जनरेटरपाशी जाऊन उभे राहत. इतक्या सुरांचा माणूस आणि सनईच्या सुराला पाठ करून घरघर ऐकत उभा!

आणखी एक विचित्र गोष्ट होती. त्यांच्या कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या मुक्या होत्या. डावीकडे जाड आवाज, मधे गोड आवाज आणि उजवीकडे काहीच नाही. एकदा रिकाम्या वेळेत माझी लेक स्वाती गंमत म्हणून वाजवायला बसली, तर त्या टोकाला नुसता पट्ट्यांचा टकटक आवाज. ती म्हणाली, "तात्या, हे बिघडलंय."

"बिघडलं न्हाय, पोरी. पडीक ठेवलंय."

"का?"

"रानाला इसावा द्याय लागतो."

आम्ही हसलो. ऊसवाल्यांच्या मुलुखात कोण रान पडीक ठेवतं? इथे बांधसुद्धा कोरून ऊस लावतात. मी हे चार लोकांत सांगून त्यांची टिंगलही केली. तात्या माझ्या टिंगलीला हसायचे.

मग स्वातीचं लग्न ठरलं. आपल्याच कार्यालयात आपल्याच लेकीचं लग्न, त्यामुळे मला कुणावर ओरडायचं तेच कळेना. तात्या रीतीप्रमाणे घरी येऊन गेले. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी यजमानांना न विचारता मलाच विचारलं, "वैनी, तुमी रडनार का?"

"मी? मला जेवणाचं बघायचंय."

"मग जाड लावतो."

"काय लावायचं ते लावा. पण मुहूर्ताला मला सनई पाहिजे. सीडीची नको, तुमच्या हातची."

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. ताप आलाय, माहेरी गेलीय, सगळं सांगून झालं. मी ऐकेना. दुसऱ्यांच्या लग्नात थापा चालवून घेतल्या, माझ्या लेकीच्या लग्नात चालवून घेणार नव्हते. मी पार कमरेला पदर खोचून उभी राहिले. तेव्हा तात्या उठले आणि कुठे गेले? जनरेटरपाशी. तो बंद होता. मी मागोमाग गेले. बंद जनरेटरच्या पत्र्यावर हात ठेवून त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मात्र माझी जीभ पहिल्यांदाच जागच्या जागी राहिली.

गोष्ट गुलाबभाईंची होती. ते मला आठवत होते. लोणी भापकरचे. तात्यांच्या उजव्या हाताला बसून सनई वाजवायचे. गोल टोपी, पांढरा सदरा, आणि वाजवताना फुगलेले गाल. तात्यांची पेटी होती तेव्हापासून दोघांची जोडी. मग ते यायचे बंद झाले. वय झालं असेल, असं मी धरून चालले होते.

"मागं रमजान ऐन लग्नसराईत आला हुता बगा," तात्या म्हणाले. "सनईची पत्ती तोंडात भिजवाय लागती, तवा ती बोलती. गुलाबभाई रोजं धरायचे. वर ऊन, पोटात पानी न्हाय. थुंकी तरी कुठनं आननार मानूस? व्हटं पार फाटली हुती त्येंची. मला बगवंना. म्हनलं, म्हैनाभर तुमी इसावा घ्या. मी तुमची सनई मशीनवर बांधतो."

आणि त्यांनी ती बांधली. मशीनमधली तयार सनई त्यांना पसंत पडेना. तिच्याखाली त्यांनी क्लॅरोनेट घातलं, त्याखाली व्हायोलिनची एक धार. गुलाबभाई सूर खालून उचलून वर न्यायचे, ते घातलं. मधे कुठे श्वास घ्यायचे, तीही जागा सोडली. मग महिनाभर गंमत चालली. गुलाबभाई सनई ओठाला लावून नुसते गाल फुगवून बसायचे आणि तात्या उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर त्यांची सनई वाजवायचे. लोक येऊन गुलाबभाईंचा हात हातात घ्यायचे, "गुलाबभाई, आज काय वाजवलीय!" ते गेले की ही दोन म्हातारी पोरांसारखी फिदीफिदी हसायची.

"ईद झाली. गुलाबभाई परत फुकाय लागले. पर तवर साउंडवाल्यानं कुनाला तरी सांगितलं हुतं. येका नवरीच्या बापानं मला बाजूला घेतलं. म्हनला, मशीनच वाजवती तर दुसरा मानूस कशाला? स्टेजवर जागा न्हाय. मग दुसऱ्यानं तेच. मग तिसऱ्यानं. मी प्रत्येकाशी भांडलो वैनी, खरंच भांडलो. शेवटी गुलाबभाईच म्हनले, हणमंता, चांगली बांधलीयस. माझ्यापरीस बरी वाजती, तिला रोजं बी न्हाईत. मी आता येत न्हाय."

"रागावले?"

"रागावले असते तर पाय धरले असते मी. रागावले न्हाईत. तेच तर हाय."

मला फार वाईट वाटलं. मित्राचे ओठ वाचवायला गेला हा माणूस, आणि मित्राची जागाच घालवून बसला. पण मी पडले कार्यालयवाली. दोन रुसलेली माणसं दिसली की त्यांना एका पंगतीत बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी मनाशी ठरवलं, स्वातीच्या मुहूर्ताला सनई गुलाबभाईच वाजवणार.

बारामतीच्या आठवडी बाजारात ते लसूण विकतात असं कळलं. पत्रिका घेऊन गेले. ताडपत्रीच्या सावलीत लसणाच्या ढिगामागे तीच गोल टोपी. ओळख सांगितली तसे ते तोंड भरून हसले. त्यांच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता.

"सनई न्हाय हुनार, ताई," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "दात गेले, मग व्हटं बी आत गेली. पत्ती धरायची कशानं? कवळी करून बगितली, तर सनईतनं निस्ती शिट्टी. नातवंडं भेली."

"तुम्ही आलात तरी पुरे आहे, भाई."

"येतो की. हणमंता हाय न्हवं? माझी सनई हाय त्याच्याकडं. आयकायला येतो." त्यांनी एक गड्डी उचलून उगीच फुंकली, टरफलं उडाली. "आदी जरा सल हुता मनात, खोटं कशाला बोलू. आता वाटतं, बरं झालं त्यानं बांधून ठेवली. माझ्याकडं तर काय उरलं न्हाय. त्याच्याकडं हाय तेवढीच."

मी बाजारातून उड्या मारतच परत आले म्हणा ना. तात्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, समोरासमोर येऊ देत.

लग्नाच्या दिवशी स्वाती पिवळ्या साडीत मांडवात उभी राहिली तेव्हा मी तिच्याकडे कमी आणि कमानीकडे जास्त बघत होते. गुलाबभाई आले. पांढराशुभ्र सदरा, टोपीला इस्त्री, आणि हातात आहेर म्हणून लसणाची वेणी. मी त्यांना सरळ स्टेजवर घेऊन गेले. तात्या आवाज लावत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरून दोरीला लोंबायला लागला. उठून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं सामान काढलं आणि ती धोतराच्या सोग्याने पुसली. गुलाबभाई बसले. जुन्या जागी, उजव्या हाताला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मंगलाष्टका संपत आल्या. गुलाबभाई तात्यांकडे वाकून म्हणाले, "हणमंता, आता शेवटचं कडवं. लाव की माझी."

तात्यांनी पट्ट्यांवरून हात काढले.

"आरं लाव. त्यासाठीच आलोय. दात गेले माझे, दिसतंय न्हवं? मला आता तीच हाय."

तात्यांचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पुसली, गुलाबभाई."

"काय?"

"तुमी गेलात त्याच हप्त्यात पुसली. मशीनमधनं काढली. पेनड्राइव्हात हुती ती कालव्यात टाकली. म्हनलं, हिच्यापायी मानूस गेला, हिला ठेवायचं न्हाय. मला वाटलं, मी प्राचित्त घेतोय."

मला तेव्हा त्या उजव्या टोकाच्या मुक्या पट्ट्या दिसल्या आणि मी त्यावर केलेले विनोद आठवले. गुलाबभाई काही क्षण त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी त्यातल्या एकीवर बोट ठेवलं आणि दाबली. टक्. बाकी काही नाही.

"आवर्तन सुरू हुतं का, कालव्याला पानी हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग गेली आसंल इंदापूरकडं, कुनाच्या तरी उसात," गुलाबभाई म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात दात नव्हते, म्हणून असेल, पण मला ते बघवलं नाही.

तेवढ्यात 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. तात्यांनी कसेबसे हात उचलले. व्हायोलिनं उठली, बासरी उठली, ढोलकी वाजली, सगळे थर वाजले. वर सनईची जागा रिकामी, आणि तिथून आमचा जनरेटर ऐकू येत होता. पाठवणीला तात्यांनी आवाज जाड लावला होता, पण तो लावायची गरज नव्हती. मी ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून. लेकीसाठी होतंच, पण सगळं तिच्यासाठी नव्हतं.

लग्न उरकलं तरी माझा जीव स्वस्थ बसेना. मनात आलं, गुलाबभाईंनी एवढी लग्नं वाजवली, त्यांच्या सीड्या तर घरोघर असतील. माझ्याकडे लग्न केलेल्या माणसांना मी फोन लावले. त्यांनी हौसेने सीड्या धाडल्या. सगळ्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडचे व्हिडिओवाले असे की लग्नाचा खरा आवाज पूर्ण पुसतात आणि त्यावर सिनेमाची गाणी घालतात. हळद असो, मुहूर्त असो, जेवणावळ असो, गाणी चालूच. गुलाबभाई दिसतात, गाल फुगलेले दिसतात, आणि ऐकू येतं कुठल्यातरी नटीचं गाणं. मुहूर्त झाला की नवरा-नवरीपेक्षा माझं लक्ष त्या गालांकडे जायचं. एकामागून एक सीडी बघत मी त्या सगळ्या व्हिडिओवाल्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.

एकाच सीडीत व्हिडिओवाल्याचा हात चुकला होता. तारीख बघितली, तर त्याच त्या रमजानातलं लग्न. अक्षता पडतात, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी क्षणभर खरा आवाज राहून गेलाय. आचारी ओरडतोय, एक मूल रडतंय, आणि त्या सगळ्यावर सनई. खालून उचललेला एक सूर, वर जातो, एक श्वास, पुन्हा उचलतो, आणि तेवढ्यात धाडकन गाणं.

मी दोघांना बोलावून घेतलं. बाजार उरकून गुलाबभाई आले, वालचंदनगरहून तात्या आले. कार्यालयात लग्न नव्हतं, जनरेटर बंद होता, सगळा हॉल रिकामा. माझ्या ऑफिसातल्या टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडून मी त्यांना बसवलं आणि सीडी लावली.

सनई वाजली आणि थांबली. तात्या पुढे सरकले.

"ही तुमची," ते म्हणाले.

"माझी? येडा का काय?" गुलाबभाई म्हणाले. "रमजान हाय त्यो. तुझ्या मशीनची हाय ती. माझे गाल बग की, निस्ते फुगल्यात."

"पर तुमी कंदी कंदी न ऱ्हावून खरंच फुकायचा. मला म्हाईत हाय."

"फुकायचो की. येकांद्या दिवशी."

"मग ही त्याच दिवशीची."

"आसंल. न्हायतर तुझी आसंल."

"परत लावा, वैनी," तात्या म्हणाले. मी परत लावली. मग परत. दर वेळी तात्या डोळे मिटायचे, जनरेटरपाशी करतात तशी मान तिरकी करायचे. मला वाटत होतं, आता सांगतील. मोकळी ट्रॉली ओळखणारा माणूस, आचाऱ्याचा झारा ओळखणारा माणूस. बरीच वेळा ऐकून झालं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. सगळा चेहरा ओला झाला होता.

"मला वळखू येईना, गुलाबभाई," ते म्हणाले. "तुमच्या मांडीला मांडी लावून जल्म गेला माझा. आन् तुमची कंची, माझी कंची, मला वळखू येईना."

मग गुलाबभाईंनी आपली खुर्ची ओढून तात्यांच्या उजव्या बाजूला घेतली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, आजून येकडाव लावा."

मी उठून पंखा बंद केला आणि सीडी पुन्हा लावली.